घरातल्या रुळांवर नेमकं कुठलं इंजिन चालेल? (मॉडेल रेल्वे: एचओ, ओओ, मेर्कलिन)

बोरघाट

नमस्कार मंडळी,

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून कायमचा परत आला. त्याच्या सामानातून रुळांचं एक मोठं खोकं माझ्याकडे ठाण्याला आलं आहे. बाखमन कंपनीचा ई-झी ट्रॅक आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या गादीवर बसवलेले रूळ, वळणाचे बारा तुकडे, थोडे सरळ तुकडे, एक डावा आणि एक उजवा सांधा, अमेरिकन पिनेचा पॉवर पॅक आणि चार मालडबे. इंजिन मात्र नाही. ते त्याने निघताना शेजारच्या मुलाला देऊन टाकलं.

आता इंजिन घ्यायचं आहे आणि समोर तीन पर्याय आहेत.

१. मुंबईतल्या एका छंदाच्या दुकानात हॉर्नबीचं वाफेचं इंजिन आहे, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. बघताक्षणी प्रेमात पडलो.
२. मावसबहीण म्युनिकला असते. तिच्या शेजारचे आजोबा मेर्कलिनचं जुनं इलेक्ट्रिक इंजिन अगदी स्वस्तात द्यायला तयार आहेत. वजनदार, धातूचं, सुंदर चीज आहे.
३. अमेरिकेतून येणाऱ्या कुणाकडून तरी एखादं डिझेल मागवायचं. सहा आसांचं, लांबलचक, आपल्या डब्ल्यूडीएम-२ सारखं दिसणारं मिळालं तर उत्तमच.

तिन्हींचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटरच आहे, म्हणजे तिन्ही चालायला हवीत असं वाटतं. पण पैसे टाकण्यापूर्वी इथल्या जाणकारांना विचारून घेतो. मुलगी दुसरीत आहे आणि तिचं रोज एकच पालुपद चालू आहे, “बाबा, इंजिन कधी येणार?”

---

वाफेचं_इंजिन

बोरघाट, आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. या छंदात बहुतेक पैसे वाया जातात ते याच एका समजुतीपायी, की गेज जुळलं म्हणजे इंजिन चाललं. गेज जुळणं ही फक्त पहिली पायरी. रुळांमधून वीज कशी येते, ही दुसरी आणि खरी पायरी.

तुमचे रूळ एचओचे आहेत. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराची गाडी, गेज १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ गाड्या १/७६ आकाराच्या, तरी त्यांचंही गेज १६.५च. मेर्कलिनचं एचओही १६.५. एका गेजवर अशी निरनिराळी कुटुंबं नांदतात, म्हणून नवा माणूस फसतो.

तुमच्या ट्रॅकवर दोन रूळ आहेत आणि ते एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग आहेत. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. डाव्या बाजूची चाकं एका रुळाची वीज घेतात, उजव्या बाजूची दुसऱ्याची, आणि मध्ये मोटर. म्हणून आसावर कुठेतरी प्लॅस्टिकची अडण असावीच लागते, नाहीतर लोखंडी आस दोन रुळांना जोडून मोकळा होईल. पॉवर पॅकचा खटका फिरवला की धन-ऋण उलटतं आणि इंजिन उलटं धावतं. याला आपण दोन रुळी डीसी म्हणू. व्होल्टेज साधारण शून्य ते १२.

ही व्यवस्था पाळणारं इंजिन हॉर्नबीचं असो, बाखमनचं, ॲटलसचं, रोकोचं किंवा पिकोचं असो, तुमच्या रुळांवर धावेल. न पाळणारं कितीही देखणं असलं तरी धावणार नाही.

तेव्हा पर्याय १ आणि ३ विजेच्या परीक्षेत पास. पर्याय २ बद्दल आपले श्वाबन_मराठी सांगतील, ते त्याच मुलखात राहतात. माझ्याकडून एवढंच, की आजोबांना अजून होकार कळवू नका.

---

श्वाबन_मराठी

हाक ऐकली. मी स्टुटगार्टला असतो आणि मेर्कलिनचं गाव ग्योपिंगन इथून अगदी जवळ. इथल्या घराघरांत माळ्यावर मेर्कलिनचं एक खोकं असतंच, त्यामुळे ‘स्वस्तात देतो’ हे वाक्य मीही बरेचदा ऐकतो.

१९३५ पासून मेर्कलिनने या आकारात एकच रीत धरून ठेवली आहे: तीन वाहक आणि एसी वीज. दोन्ही रूळ मिळून एक टोक, आणि दुसरं टोक मधोमध. सुरुवातीला मधे चक्क तिसरा रूळ दिसायचा. पुढे त्याच्या जागी स्लीपरांवर बारीक बारीक टाचण्यांसारखे ठिपके आले. दुरून ट्रॅक दोन रुळीच वाटतो, पण जवळ जाऊन नीट पाहिलं की स्लीपरांच्या मध्यावर ठिपक्यांची रांग दिसते.

इंजिन हातात घेऊन उलटं करा. पोटाखाली धातूची एक लांबट पट्टी दिसेल, स्प्रिंगवर बसवलेली, बोटाने दाबली की आत जाते. ही पट्टी ठिपक्यांवरून घासत वीज घेते आणि चाकांवाटे ती परत जाते. चाकांना अलग ठेवायची गरजच नाही, म्हणून डावं-उजवं चाक आसावरून थेट जोडलेलं असतं.

असं इंजिन तुमच्या ई-झी ट्रॅकवर ठेवलंत तर पहिल्याच आसाने दोन रूळ जोडले जातील आणि शॉर्ट होईल. पॉवर पॅकमधलं संरक्षण चांगलं असेल तर तो बंद पडेल, नसेल तर तापेल. इंजिन मात्र एक इंचही हलणार नाही.

उलट बाजूही सांगतो. तुमचं दोन रुळी इंजिन मेर्कलिनच्या ट्रॅकवर ठेवलं तर त्याला दोन्ही रुळांतून एकच टोक मिळतं. पट्टी नाही, म्हणजे दुसरं टोक नाही. तेही जागचं हलत नाही.

ओळखायची सोपी खूण: मल्टिमीटर कंटिन्युटीवर लावा, एक काडी डाव्या चाकाला, दुसरी त्याच आसाच्या उजव्या चाकाला. बीप वाजला तर इंजिन तुमच्या रुळांचं नाही. नवं खोकं घेताना छापील चिन्ह बघा. युरोपातल्या कॅटलॉगांत डीसीसाठी दोन आडव्या रेघा आणि एसीसाठी नागमोडी रेघ असते. रोको, पिको यांची बरीचशी इंजिनं दोन्ही प्रकारांत निघतात, चेहरामोहरा तोच, फक्त क्रमांक वेगळा. दुकानदार घाईत असला की चुकीचं खोकं हातात येतं, म्हणून ते चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

---

बोरघाट

बाप रे! बरं झालं विचारलं. पण श्वाबन, पोटाखालची पट्टी काढून टाकली आणि चाकं बदलली तर? ते इंजिन खरंच फार सुंदर आहे हो.

---

श्वाबन_मराठी

करणारे करतात. पण मामला फक्त चाकांचा नाही. जुन्या मेर्कलिन इंजिनाची दिशा बदलते ती २४ व्होल्टचा एक झटका देऊन. आत एक रिले असतो, तो झटक्यासरशी पलटी घेतो. धन-ऋण उलटवून त्याला काही कळत नाही. म्हणजे पट्टी काढा, अलग केलेली चाकं मिळवा, दोन्ही बाजूंना वीज उचलणारे ब्रश बसवा, रिले काढा आणि मोटरची वायरिंग बदला. एवढं सगळं करून त्या आजोबांचं मूळ रूपातलं इंजिन मात्र गेलं. जुन्या मेर्कलिनची किंमतच त्या मूळ रूपाला आहे. ते मोडू नका, ही माझी मनापासून विनंती.

त्यातूनही मेर्कलिनची घडण हवीच असेल तर ट्रिक्स बघा. १९९७ पासून ट्रिक्स मेर्कलिनकडेच आहे, आणि एचओमध्ये त्या नावाखाली दोन रुळी इंजिनं निघतात. कित्येक वेळा साचा तोच असतो. मुद्दाम अजून एक सांगतो: मेर्कलिनचा सी ट्रॅक आणि ट्रिक्सचा सी ट्रॅक हे दिसायला भावंडं आहेत. एकाला मधले ठिपके आहेत, दुसऱ्याला नाहीत. वापरलेले रूळ घेणाऱ्यांनी भिंग लावून बघावं.

मेर्कलिनचे डबे मात्र चालतात बरं का. डब्यांचे आस बदलले की झालं. अलग केलेले आस सुटे मिळतात आणि दोन बोटांनी बसतात.

---

गिरगावचा_नातू

माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. आजोबांच्या पेटीत हॉर्नबी डब्लोचे रूळ सापडलेत. पत्र्याची गादी आणि मधोमध तिसरा रूळ. म्हणजे हे मेर्कलिनसारखंच एसी का?

---

वाफेचं_इंजिन

नाही, आणि इथे फार जपून राहायला हवं. हॉर्नबी डब्लो १९३८ साली आलं. रूळ तीन असले तरी वीज डीसी, १२ व्होल्ट. मेर्कलिनचा एसी ट्रान्सफॉर्मर त्याला लावायचा नाही. त्या इंजिनात कायमचं चुंबक असतं आणि एसीने त्याचं नुकसान होतं. १९५९ पासून डब्लोचे दोन रुळी प्रकारही आले, त्यामुळे नुसतं नाव वाचून ठरवू नका, रूळ मोजा.

आजोबांच्या पेटीत त्यांचा मूळ कंट्रोलर असेल तर तो लगेच भिंतीला लावू नका. वायरीवरचं जुनं रबर इतक्या वर्षांनी हात लावताच तुकडे होऊन पडतं. आजचा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर घ्या, एक वायर मधल्या रुळाला, दुसरी बाहेरच्या रुळाला. इंजिन स्वच्छ असेल तर अजूनही धावेल. धावलं तर इथे नक्की कळवा, आम्हा सगळ्यांना आनंद होईल.

---

डबलफास्ट

मी डोंबिवलीचा, पेशाने विजेचा इंजिनिअर. इंजिनाच्या आधी पॉवर पॅकबद्दल बोलू द्या, कारण तिथे धोका आहे.

बोरघाट, तुमचा पॅक अमेरिकन आहे. तो १२० व्होल्टसाठी बनलेला, आपल्या भिंतीत २३०. पिनेचं ॲडॉप्टर लावून सरळ खुपसलात तर क्षणात जळेल, आणि शेजारी मूल उभं असेल. पॅकच्या मागची पट्टी वाचा. ‘इनपुट १२० व्होल्ट ६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर एकतर मधे २३० ते ११० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर सरळ इथल्या विजेवर चालणारा कंट्रोलर घ्या. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. हॉर्नबीचे ब्रिटिश कंट्रोलर २३० वरच चालतात, आणि तुमच्या रुळांना हवा तोच, म्हणजे कमी-जास्त करता येणारा डीसी देतात. दोन वायरी बाखमनच्या जोडतुकड्याला लावल्या की काम झालं. एचओच्या एका इंजिनाला एक अँपिअर पुरून उरतो.

आता डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. दुकानात हा शब्द पदोपदी ऐकाल. साध्या डीसीमध्ये रुळात जेवढी वीज सोडाल तेवढ्या वेगाने रुळावरची सगळी इंजिनं पळतात. दोन गाड्या स्वतंत्र चालवायच्या तर रुळांचे वेगळे विभाग करावे लागतात. डीसीसीमध्ये रुळात पूर्ण व्होल्टेज कायम असतं आणि त्याच रुळांतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो. इंजिनातला डीकोडर आपल्यापुरता हुकूम उचलतो.

खोक्यावर तीन तऱ्हेची वाक्यं असतात, त्यांतला फरक समजून घ्या. ‘डीसीसी ऑन बोर्ड’ म्हणजे डीकोडर आत आहे. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे नुसतं सॉकेट आहे, डीकोडर वेगळा घ्यायचा, आणि तोवर इंजिन साध्या डीसीवर चालतं. काहीच लिहिलं नसेल तर ते साधं डीसी.

डीकोडरवालं इंजिन बहुधा साध्या डीसीवरही चालतं, पण लगेच निघत नाही. आवाजवाला डीकोडर असेल तर वेगाची मूठ बरीच फिरवेपर्यंत नुसता जागा होत असतो, मग एकदम निघतं. मुलीला वाटेल बिघडलंय. याच्या उलट, डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळांवर ठेवू नका. काही यंत्रणा शून्य क्रमांकावर तशी सोय देतात, तरी मोटर उभ्या जागी गुणगुणत तापते, आणि कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर तर जळतेच.

पहिलं इंजिन ‘डीसीसी रेडी’ घ्या. आज डीसीवर पळेल, आणि पुढे छंद वाढला तर आठ पिनांचा किंवा एकवीस पिनांचा, जे सॉकेट असेल तसा डीकोडर बसवता येईल.

---

कोकणकन्या

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. काळी गादी म्हटलंत ना? ई-झी ट्रॅकमध्ये काळ्या गादीवरचे रूळ पोलादी मिश्रधातूचे असतात, करड्या गादीवरचे निकेल सिल्व्हरचे. आमच्या रत्नागिरीत पोलादी रूळ पावसाळ्यात उघडे ठेवले की तांबूस पडतात. ठाण्यातही जून ते सप्टेंबर काही वेगळं नसतं. रूळ गंजले की वीज नीट पोचत नाही, इंजिन अडखळत चालतं, आणि माणूस इंजिनाला दोष देत बसतो.

रूळ टाकून द्या असं मी म्हणणार नाही. वापरून झाले की पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर काळी मळी निघते. गंज आलाच तर रूळ साफ करायचं खोडरबर मिळतं, ते हलक्या हाताने फिरवा. सँडपेपर अजिबात नको, त्याचे ओरखडे पडतात आणि त्यांत पुन्हा मळ बसतो. नवे तुकडे घ्याल ते करड्या गादीचे घ्या. काळ्याला करडे जोडले जातात, अडचण येत नाही.

---

बोरघाट

गादी काळीच आहे आणि दोन तुकड्यांवर तांबूस डाग आहेतच! आज रात्रीच पुसतो. पॉवर पॅकवर डबलफास्ट म्हणाले तेच लिहिलेलं सापडलं, १२० व्होल्ट. तो कपाटात गेला.

मेर्कलिनला मनावर दगड ठेवून नकार कळवतो. आता ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ की लांब डिझेल?

---

वाफेचं_इंजिन

आता वळणाकडे या. तुमच्याकडे बारा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं, म्हणजे ती बहुधा १८ इंची त्रिज्या आहे, ४५७ मिलिमीटर. खात्री करायची तर सहा तुकडे जोडून अर्धवर्तुळ करा, समोरासमोरच्या दोन टोकांमधलं अंतर रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा.

हॉर्नबीच्या ट्रॅकमध्ये पहिली त्रिज्या ३७१, दुसरी ४३८, तिसरी ५०५ मिलिमीटर. त्यांची आजची मोठी इंजिनं दुसऱ्या त्रिज्येपासून पुढे चालतील अशी बनवतात. तुमचं वळण ४५७, म्हणजे ४३८ पेक्षा मोकळं. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ वळेल.

दिसेल कसं? कागदावर ओओची गाडी एचओपेक्षा सातव्या हिश्शाने मोठी. पण मौज अशी, की खरी ब्रिटिश इंजिनंच अंगाने लहान असतात, तिथले बोगदे आणि पूल ठेंगणे म्हणून. १/७६ आकाराचं ब्रिटिश इंजिन आणि १/८७ आकाराचं अमेरिकन डिझेल शेजारी ठेवलंत तर उंचीत फारसा फरक दिसत नाही. ब्रिटिशांनी ओओ काढलं त्याचं एक कारणही हेच, १/८७ मध्ये त्यांच्या चिमुकल्या इंजिनात त्या काळची मोटर मावत नव्हती.

अडचण येईल ती कपलरची, म्हणजे इंजिन आणि डबे एकमेकांना जोडणाऱ्या भागाची. तुमचे अमेरिकन मालडबे मुठीसारख्या कपलरचे असणार, दोन वाकवलेली बोटं एकमेकांत अडकतात तसे. हॉर्नबीला आडवी दांडी आणि तिच्यावर पडणारा आकडा असतो. एकमेकांत ते अडकतच नाहीत. हॉर्नबीच्या मागच्या बाजूला एनईएम खाच (कपलर बसवायची युरोपीय मानकाची खाच) असेल तर जुना कपलर ओढून काढायचा आणि त्या जागी केडी कंपनीचा एनईएम कपलर सरकवायचा, पाच मिनिटांचं काम. खाच नसेल तर एका मालडब्याच्या एका टोकाला ब्रिटिश कपलर आणि दुसऱ्या टोकाला अमेरिकन ठेवा. तो डबा कायम इंजिनाच्या मागे.

लांब सहा आसी डिझेलबद्दल मात्र मी सावध करीन. तशा बऱ्याच इंजिनांना कारखानेच २२ इंची त्रिज्या सुचवतात. १८ वर एखादं इंजिन रूळ सोडणारही नाही, पण वळणात त्याचं नाक इतकं बाहेर जातं की मागच्या डब्याचा कपलर आडवा ओढला जातो, आणि रिकामा हलका डबा आतल्या बाजूला कलंडतो. डबलफास्ट म्हणाले तसं मुलीला वाटेल इंजिन वाईट आहे, आणि बिचाऱ्या इंजिनाचा काही दोष नसतो. १८ इंचावर चार आसांचं डिझेल राजासारखं फिरतं.

आठ बाय चारच्या प्लायवर २२ इंची वर्तुळही बसतं बरं का. चार फूट म्हणजे ४८ इंच, वर्तुळाच्या रुळांचा मध्य ते मध्य व्यास ४४. कडेला थोडीच जागा उरते, म्हणून काठाला पट्टी ठोकायची, नाहीतर रुळावरून घसरलेलं इंजिन थेट फरशीवर.

---

नेरळ_जंक्शन

बोरघाट, डब्ल्यूडीएम-२ सारखं दिसणारं हवं म्हणालात तेव्हापासून लिहीन म्हणत होतो.

मुळात आपली ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. १/८७ केली तर १९.२६ मिलिमीटर येते, १६.५ नव्हे. म्हणजे १६.५ च्या रुळांवर आपलं कुठलंही मोठं इंजिन ठेवा, खालचे रूळ खऱ्यापेक्षा अरुंदच दिसणार. ज्यांना हे खुपतं ते स्वतः रूळ ठोकतात. बाकी आपण सगळे तेवढी तडजोड आनंदाने करतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय अजून पाहिलं नसेल तर मुलीला घेऊन जा. गाड्या धावताना दाखवतात. एक इंजिन घेण्याआधी चालता पसारा बघितला की डोकं साफ होतं.

आता तुमच्या चार आसांच्या अटीत बसणारं आणि तरी भारतीय नातं असलेलं इंजिन सुचवतो. डब्ल्यूडीएम-२ हे अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच्याआधी, १९५७ पासून, अल्कोनेच पाठवलेलं डब्ल्यूडीएम-१ होतं. शंभर इंजिनं आली. त्याला एकाच बाजूला गोलसर नाक आणि केबिन, बाकी अंग डब्यासारखं बंद. तो चेहरा अल्कोच्या एफए-२ या अमेरिकन इंजिनाच्या घराण्यातला. डब्ल्यूडीएम-१ सहा आसांचं, एफए-२ चार आसांचं, एवढा फरक सोडला तर समोरून बघणाऱ्याला ओळख पटते.

एफए-२ चं एचओ मॉडेल खुद्द बाखमननेच काढलेलं आहे. चार आस, १८ इंचावर फिरतं, दोन रुळी, कपलर तुमच्या डब्यांना जुळणारा. रंग अमेरिकन रेल्वेचा मिळेल. तो उतरवून आपल्याकडच्या जुन्या फोटोंवरून रंगवायचं काम हिवाळ्यात घ्या. मी तर म्हणतो मुलीला हाताशी धरूनच घ्या.

माथेरानची गाडी करायची इच्छा कुणाला असेल तर तिची रूळरुंदी ६१० मिलिमीटर, १/७६ केली तर आठ. त्या जगात बहुतेक जण ९ मिलिमीटरचे रूळ वापरतात. त्यासाठी वेगळा धागा काढू, इथे गर्दी नको.

---

बोरघाट

नेरळ_जंक्शन, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं! डब्ल्यूडीएम-१ चे फोटो पाहिले आणि एफए-२ चे पाहिले, नाक अगदी मिळतंजुळतं आहे. घरात मत घेतलं. मुलगी म्हणाली “गोल नाकवालं”. ठरलं.

वापरलेलं एक एफए-२ मिळतंय, विकणारा इथलाच आहे, हातात घेऊन बघता येईल. काय काय बघू? आणि ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ पुढच्या वर्षी, हे मी इथे जाहीर लिहून ठेवतो.

---

डबलफास्ट

विकणाऱ्याकडे जाताना एक हात लांब सरळ रूळ, कंट्रोलर आणि मल्टिमीटर घेऊन जा. त्याच्या टेबलावर त्याच्या सोयीने चालवून दाखवलेलं पुरत नाही, तुमच्या रुळावर चाललं पाहिजे.

आधी मल्टिमीटर. एकाच आसाच्या दोन चाकांमध्ये बीप वाजता कामा नये. मग अगदी कमी व्होल्टेजवर सुरू करा. चांगलं इंजिन गोगलगायीच्या चालीने निघतं. झटका देऊन निघालं तर मळ असेल किंवा मोटर थकलेली असेल. चालताना एका लयीत टक... टक... असा आवाज आणि त्याच लयीत लंगडणं असेल, तर आसावरचं प्लॅस्टिकचं दातेचक्र तडकलेलं असतं. जुन्या अमेरिकन डिझेलांत हा रोग नेहमीचा. सुटं चक्र मिळत असेल तरच घ्या, आणि किंमत पाडून घ्या.

---

वाफेचं_इंजिन

त्यात माझी भर. व्हर्नियर कॅलिपर असेल तर एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास हवं. चाकं आत सरकलेली असली तर सांध्यावर चढतात आणि रूळ सोडतात. सगळ्या आसांवर एकसारखं माप यायला हवं.

इंजिन उलटं धरून वीज उचलणारी चाकं किती ते विचारा. आठही चाकं उचलत असतील तर उत्तम. सांध्याच्या मध्ये जिथे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो. कमी चाकांवर वीज घेणारं इंजिन नेमकं तिथे थबकतं, मग मुलं बोटाने ढकलतात आणि इंजिन घसरतं. तुमच्याकडे दोन सांधे आहेत, म्हणून हे बघाच. एखाद्या चाकावर रबरी पट्टा असेल तर तो सैल झाला आहे का, तडकला आहे का, तेही बघा. ते चाक वीज उचलत नाही, फक्त पकड देतं.

कपलरची उंची घरी आल्यावर डब्यांशी लावून बघा. इंजिनाचा कपलर खाली लोंबत असला तर चढावर गाडी मधूनच सुटते.

---

कोकणकन्या

आणि एफए-२ घरी आलं की पहिल्या दिवशी डबे जोडू नका. नुसतं इंजिन अर्धा तास एका दिशेने, अर्धा तास उलट, मध्यम वेगाने फिरू द्या. बरेच दिवस पडून असलेल्या यंत्रातलं वंगण सुकलेलं असतं, ते फिरण्याने पसरतं. मधूनच हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर बंद करून वरचं कवच उघडायला घ्या. त्यानंतर एक डबा, मग दुसरा.

---

बोरघाट

सगळं एका कागदावर उतरवून घेतलंय. रविवारी सकाळी जातो आहे, रुळाचा तुकडा आणि मल्टिमीटर पिशवीत भरून ठेवलाय. डबलफास्ट, एक राहिलं: हॉर्नबीचा कंट्रोलर नवाच घेऊ की जुना चालेल?

---

डबलफास्ट

नवा घ्या. इंजिन जुनं चालतं, भिंतीला लागणारी वस्तू जुनी नको. घरात दुसरीतली मुलगी आहे.